मुरुमांवरची दोन-तीन औषधे एकाच चेहऱ्यावर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुरुमांवर लावायची औषधे आज मेडिकलच्या दुकानात आणि ऑनलाइन सहज मिळतात आणि प्रत्येक औषधाची माहितीही सुटी सुटी मिळते. पण ही औषधे एकाच चेहऱ्यावर एकमेकांसोबत कशी नांदवायची, हे नीट सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. त्यामुळे मैत्रिणीने सुचवलेले सीरम, डॉक्टरांनी लिहून दिलेली जेल आणि जाहिरातीतले फेसवॉश ही तिन्ही एकाच आठवड्यात सुरू होतात, थोड्याच दिवसांत चेहरा लाल होऊन सालपटे निघू लागतात आणि नेमके कशामुळे काय झाले हे कळायला मार्ग उरत नाही. मी या उपचारांतून गेलेली एक रुग्ण आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कोणते औषध घ्यावे हे त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवावे. ती चिठ्ठी हातात पडल्यावर घरी सकाळ-रात्रीचा क्रम कसा लावायचा, एवढ्यापुरता हा लेख आहे.

सगळ्या क्रमाच्या मुळाशी एकच नियम आहे: एका वेळी एकच नवे औषध सुरू करायचे आणि ते त्वचेने स्वीकारल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठी हा नियम अधिकच महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे मुरूम बरा झाल्यावर मागे काळसर डाग राहतो आणि औषधाच्या जळजळीनेसुद्धा तसाच डाग पडू शकतो. घाई केली तर मुरूम जातो आणि औषधाचाच डाग महिनोन्‌महिने राहतो.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- डॉक्टरांची चिठ्ठी आणि सध्या वापरात असलेल्या सगळ्या ट्यूब, सीरम, फेसवॉश, अगदी अर्धवट संपलेलेसुद्धा
- सौम्य, फेस कमी करणारे, सुगंधविरहित फेसवॉश
- साधे मॉइश्चरायझर, ज्याच्यावर रोमछिद्रे न बुजवणारे म्हणजे नॉन-कॉमेडोजेनिक असे लिहिलेले आहे
- किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन
- थोडे व्हॅसलीन
- पांढरा टॉवेल आणि पांढरा उशीचा अभ्रा (कारण पुढे येईल)
- एक वही, किंवा मोबाइलमधली नोंद

१. प्रत्येक ट्यूबवरचे घटक वाचून वहीत लिहा

औषधाचे मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीचे असते. आपल्याला हवे असते ते खालच्या बारीक अक्षरांतले. प्रत्येक ट्यूबवर घटकाचे नाव आणि त्याचे प्रमाण टक्क्यांत दिलेले असते, ते वहीत उतरवून घ्या. वेगवेगळ्या नावांच्या दोन ट्यूबमध्ये एकच औषध असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या क्लिंडामायसिनच्या जेलमध्ये बऱ्याचदा ४ टक्के निकोटिनामाइडही असते. निकोटिनामाइड म्हणजेच नायसिनामाइड, तेव्हा ही जेल लावणाऱ्याने त्याचे वेगळे सीरम विकत घेण्यात काही अर्थ नसतो. ॲडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकत्र असलेल्या जेलवर आणखी बेंझॉइल पेरॉक्साइडचे फेसवॉश वापरले, तर तोच घटक चेहऱ्यावर दुप्पट होतो.

घटक वाचताना एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले, तर त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी म्हणून दुकानदार किंवा ओळखीचे लोक अशी तिहेरी मिश्रणाची, म्हणजे स्टेरॉइडसह तीन औषधे एकत्र असलेली, क्रीम हातात ठेवतात. चार दिवसांत चेहरा उजळल्यासारखा आणि मुरुमे बसल्यासारखी दिसतात, आणि पुढे त्वचा पातळ होणे, लाल शिरा दिसणे, चेहऱ्यावर केस वाढणे आणि स्टेरॉइडमुळेच नवी मुरुमे येणे हे सगळे सुरू होते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीमच चालवली आहे, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे अनुसूची ‘एच’ मध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा ठरवले. तरीही ती विकली जातात. तुम्ही असे क्रीम बरेच दिवस लावत असाल, तर ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, कारण अचानक थांबवल्यावर चेहरा भडकून उठतो. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि हा प्रश्न सुटेपर्यंत या लेखातल्या पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा.

२. एकापेक्षा अधिक औषधे का देतात, ते समजून घ्या

मुरूम एका कारणाने येत नाही. त्वचेखालच्या तैलग्रंथी जास्त तेल बनवतात, रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात आणि त्यावर शरीराची प्रतिक्रिया म्हणून सूज येते. ॲडापलीन, ट्रेटिनॉइन यांसारखी रेटिनॉइडे (व्हिटॅमिन एच्या कुळातली औषधे) बूच बसू देत नाहीत आणि सूज कमी करतात. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते आणि त्याची विशेष गोष्ट म्हणजे जिवाणू त्याला सरावत नाहीत. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक आहे. त्याला जिवाणू सरावतात. सॅलिसिलिक ॲसिड छिद्रातला मळ सैल करते. ॲझेलेइक ॲसिड थोडे थोडे सगळेच करते आणि डागही फिकट करते. म्हणूनच अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधे जोडीने वापरण्यावर भर आहे. जोडी लावायची ती वेगवेगळी कामे करणाऱ्यांची. त्वचा सोलवटणारी तीन औषधे एकत्र केली, तर एकच काम तिप्पट होते आणि त्रासही तिप्पट होतो.

३. पहिले दोन आठवडे औषधच लावू नका

हे ऐकायला विचित्र वाटते, पण चेहरा आधीच कोरडा किंवा चुरचुरणारा असेल तर कोणतेही औषध नीट लागत नाही. या दोन आठवड्यांत सकाळी आणि रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवायचा, टॉवेलने न घासता टिपायचा, मॉइश्चरायझर लावायचे आणि सकाळी त्यावर सनस्क्रीन लावायचे. सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतके घेतले तर चेहरा आणि मान पुरेशी झाकली जाते. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मुरुमांची बहुतेक औषधे त्वचा कोरडी करतात, आणि औषध मध्येच सोडून देण्याचे एक मोठे कारण तो कोरडेपणा असतो, हे त्याचे उत्तर.

याच काळात लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा आणि दाणेदार स्क्रब कायमचे बंद करा. डोक्याला तेल लावून रात्रभर झोपत असाल तर कपाळावरच्या मुरुमांचे मूळ तिथेही असू शकते. तेल लावायचेच तर न्हाण्याआधी तासभर लावून धुऊन टाका. दुचाकीवरून जाताना तोंडाला बांधायचा स्कार्फ आणि हेल्मेटच्या आतला पट्टा घाम आणि घर्षणाने हनुवटीवर मुरुमे वाढवतात, म्हणून स्कार्फ रोज धुतलेला हवा.

४. पहिले औषध: थोडे, रात्री आणि मधल्या रात्री सोडून

बऱ्याच जणांच्या चिठ्ठीत ॲडापलीन ०.१ टक्का असते, म्हणून तेच उदाहरण घेते. आधी जबड्याच्या कडेला लहानशा जागेवर तीन दिवस लावून पाहा. काही झाले नाही, तर पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन आठवडे एक रात्र सोडून, आणि त्यानंतर सहन होत असेल तर रोज रात्री, असा क्रम ठेवा.

लावण्याची पद्धत अशी. चेहरा धुऊन वीस ते तीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेत औषध खोल शिरते आणि जास्त झोंबते. नाकपुड्यांच्या घड्या, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखालची कड यांवर व्हॅसलीनचे बोट फिरवा. सालपटे सर्वांत आधी तिथेच निघतात. मग वाटाण्याएवढी जेल बोटाच्या टोकावर घेऊन तिचे पाच ठिपके करा: कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल. तिथून ती संपूर्ण चेहऱ्यावर पसरवा. हे औषध दिसणाऱ्या मुरुमावर टिकलीसारखे लावायचे नसते. जे मुरूम अजून वर आलेलेच नाहीत त्यांच्यासाठी ते असते. वाटाण्याएवढी जेल पसरल्यावर चेहऱ्यावर काही लावल्यासारखे वाटतच नाही आणि हात पुन्हा ट्यूबकडे जातो. तो आवरा. दुप्पट लावल्याने परिणाम दुप्पट होत नाही, जळजळ मात्र होते.

त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, मग ॲडापलीन, मग पुन्हा मॉइश्चरायझर असे करता येते. सुरुवातीच्या महिन्यात मी हीच पद्धत सगळ्यांना सुचवेन.

५. दुसरे औषध: चार ते सहा आठवड्यांनी

पहिले औषध रोज किंवा जवळजवळ रोज लावूनही चेहरा शांत राहू लागला की मगच दुसरे सुरू करायचे, आणि त्याची वेळ वेगळी ठेवायची. ॲडापलीन रात्री असेल तर बेंझॉइल पेरॉक्साइड सकाळी. ते फेसवॉशच्या रूपात असेल तर एक-दोन मिनिटे चेहऱ्यावर ठेवून स्वच्छ धुवा. चेहऱ्यावर राहू द्यायच्या जेलपेक्षा हे पुष्कळ सौम्य पडते. जेलच असेल तर २.५ टक्क्यांची मागा. बाजारात ५ आणि १० टक्क्यांचीही मिळते, पण सुजलेल्या मुरुमांवर २.५ टक्क्यांची जेल १० टक्क्यांच्या बरोबरीने काम करते आणि तिने जळजळ कमी होते. हेही आधी एक दिवसाआड.

पांढऱ्या टॉवेलचे कारण हे औषध आहे. बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा रंग उडवते. निळ्या टॉवेलवर, रंगीत ओढणीवर, शर्टाच्या कॉलरवर फिकट नारिंगी डाग पडतात आणि ते कोणत्याही साबणाने जात नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड उष्णतेने विघटित होऊन त्यातून बेंझीन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकते, या शंकेवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासली आणि २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले: ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले, आणि मोजकी उत्पादने परत मागवली गेली. घाबरून औषध टाकून देण्याचे कारण नाही. पण विदर्भातल्या मे महिन्यात ही ट्यूब स्कूटरच्या डिकीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नये आणि मुदत संपलेली वापरू नये.

६. कोणाचे कोणाशी जमते

ॲडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड यांचे चांगले जमते. ॲडापलीन टिकाऊ आहे, म्हणूनच ही दोन्ही एकाच ट्यूबमध्ये मिळतात. डॉक्टरांनी अशी एकत्र जेल दिली असेल तर ती रात्री एकदाच लावायची आणि सकाळी फक्त सौम्य फेसवॉश.

ट्रेटिनॉइनची गोष्ट वेगळी आहे. साध्या स्वरूपातले ट्रेटिनॉइन उजेडात आणि बेंझॉइल पेरॉक्साइडच्या संपर्कात निकामी होते, तेव्हा ही दोन एकावर एक लावणे म्हणजे महाग ट्यूब वाया घालवणे. ट्रेटिनॉइन रात्री आणि बेंझॉइल पेरॉक्साइड सकाळी, यात बदल करू नका. ॲडापलीन आणि ट्रेटिनॉइन मात्र कधीच एकत्र नकोत. दोन्ही रेटिनॉइडेच आहेत.

क्लिंडामायसिन एकटे लावू नका, ही गोष्ट मी सर्वांत जास्त आग्रहाने सांगेन. ही जेल झोंबत नाही, सुगंधी क्रीमसारखी हलकी वाटते, म्हणून लोक तीच आवडीने महिनोन्‌महिने लावत राहतात, आणि तेवढ्यात जिवाणू तिला दाद देईनासे होतात. तिच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तर हा धोका बराच कमी होतो. चिठ्ठीत ती एकटीच असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड घ्यायचे का आणि ही जेल कधी बंद करायची. साधारण तीन महिन्यांच्या पुढे ती आपणहून चालू ठेवू नये.

ॲझेलेइक ॲसिड १० ते २० टक्क्यांत मिळते. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे खाज किंवा टोचल्यासारखे वाटते, ते हळूहळू थांबते. ॲडापलीन रात्री आणि ॲझेलेइक सकाळी ही जोडी डाग मागे राहणाऱ्या त्वचेसाठी फार उपयोगी आहे.

सॅलिसिलिक ॲसिडचे फेसवॉश ॲडापलीनसोबत चालते, पण आठवड्यातून दोन-तीनदा आणि सकाळीच. ॲडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड आणि सॅलिसिलिक ही तिन्ही रोज चालू ठेवायची असतील तर मी सॅलिसिलिकच काढून टाकेन. ग्लायकॉलिक ॲसिडसारखी सालपटे काढणारी सीरमे रेटिनॉइडच्या रात्री नकोतच.

नायसिनामाइड सगळ्यांशी जुळवून घेते. व्हिटॅमिन सीचे सीरम आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच वेळी लावू नका, कारण पेरॉक्साइड त्याला निष्प्रभ करते. डॅप्सोन या मुरुमांवरच्याच आणखी एका औषधाच्या जेलवर बेंझॉइल पेरॉक्साइड लावल्यास त्वचा आणि चेहऱ्यावरची लव तात्पुरती पिवळी-नारिंगी दिसू शकते.

पार्लरचेही एक सांगायला हवे. रेटिनॉइड लावणाऱ्या चेहऱ्यावर वॅक्सिंग केले तर त्वचेचा वरचा थरच निघून येऊ शकतो. वॅक्सिंगपूर्वी किमान पाच-सात दिवस औषध थांबवा. ब्लीच आणि फेशियल पील या काळात टाळाच. दिवाळीत नरक चतुर्दशीला उटणे अंगाला लावा, चेहऱ्याला घासू नका. धुळवडीच्या आधीच्या दोन-तीन रात्रीही औषधाला सुट्टी द्यावी, रंग कमी झोंबतो.

७. चेहरा बिघडला तर आधी ओळखा, मग थांबवा

रेटिनॉइड सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुरुमे थोडी वाढू शकतात. ती जिथे नेहमी येतात तिथेच येतात, लवकर वर येतात आणि लवकर बसतात. यासाठी औषध सोडू नका.

चेहरा ओढल्यासारखा वाटणे, साध्या पाण्यानेही चुरचुरणे, सालपटे आणि लाली ही जळजळीची लक्षणे आहेत. अशा वेळी सगळी औषधे तीन ते पाच दिवस बंद ठेवून फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांवर राहा. मग पहिले औषध एक दिवसाआड सुरू करा आणि दुसरे आणखी दोन आठवड्यांनी. वहीत तारखा लिहिलेल्या असतील तर दोषी कोण ते लगेच सापडते.

पापण्या किंवा ओठ सुजणे, तीव्र खाज, पाण्याचे फोड येणे ही ॲलर्जी असू शकते. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि सॅलिसिलिक ॲसिड यांमुळे क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला होता. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर थेट रुग्णालय गाठा, आणि ते औषध पुन्हा कधीही लावू नका.

८. बारा आठवडे द्या, आणि डॉक्टरांकडे कधी जायचे ते लक्षात ठेवा

त्वचेखाली मुरूम तयार होऊन वर यायला अनेक आठवडे लागतात, म्हणून औषधाचा निकाल बारा आठवड्यांआधी लावता येत नाही. दर दोन आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढा. आरशात रोज पाहून फरक कळत नाही. चेहरा स्वच्छ झाल्यावरही ॲडापलीन डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू राहते, आधी बंद होते ते प्रतिजैविक.

पुढील परिस्थितीत मात्र बारा आठवडे थांबू नका. खोल, दुखणाऱ्या गाठी किंवा खड्डे पडणारी मुरुमे असतील तर लावायची औषधे पुरत नाहीत. कपाळावर एकसारख्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील तर ते बुरशीमुळेही असू शकते आणि त्याचे औषध निराळे असते. पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन यांच्याशी निगडित विकाराची) तपासणी करून घ्या. आयसोट्रेटिनॉइनच्या (तीव्र मुरुमांसाठी पोटात घ्यायच्या) गोळ्या सुरू झाल्या असतील तर कोरडी करणारी ही लावायची औषधे चालू ठेवायची का, हे त्याच भेटीत विचारा.

गर्भधारणेचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील, तर ॲडापलीन, ट्रेटिनॉइन आणि टॅझारोटीन ही सगळी रेटिनॉइडे थांबवून डॉक्टरांना कळवा. ॲझेलेइक ॲसिड त्या काळात सुरक्षित मानले जाते, पण तेही विचारूनच. भेटीला जाताना वही, फोटो आणि सगळ्या ट्यूब एका पिशवीत घालून न्या, घरगुती लेप आणि पार्लरमधून आणलेली क्रीमसुद्धा. ही पिशवी टेबलावर ठेवली की डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतात आणि चिठ्ठीत तोच घटक दुसऱ्यांदा येत नाही.